जुने ते सोने? घरच्या इंटरनेट बिलाची एक तपासणी

आपल्या वार्तापत्राच्या या पानावर रक्तदाब, मधुमेह, मुदत ठेवी, एनआरई खाते असे विषय नेहमी येतात. इंटरनेटच्या बिलाला इथे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. गेल्या गणेशोत्सवापर्यंत मलाही तसेच वाटत होते. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनीयर. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या यंत्रणा नीट चालतात की नाही हे पाहायचे, आणि घरी मात्र २०१८ साली घेतलेली इंटरनेटची योजना सात वर्षे तशीच ठेवायची, असा माझा कारभार! दर महिन्याला बँकेतून पैसे कापले जात होते, इंटरनेट चालत होते, आणि चालत्या गाडीला खीळ घालू नये असे आपल्याकडे म्हणतातच.

ती खीळ एका शनिवारी आपोआप बसली. तो प्रसंग आधी सांगतो, मग हिशेबाकडे वळू.

साठ की सात?

माझी आई सांगलीला असते. वय ७४, एका कानाने कमी ऐकू येते, आणि रक्तदाबाचा त्रास जुना आहे. दर तीन महिन्यांनी ती मिरजेला डॉक्टरांकडे प्रत्यक्ष जाते, मधल्या महिन्यांत व्हिडिओवर बोलणे होते. शेजारच्या वहिनी रोज सकाळी यंत्र लावून आकडे वहीत लिहितात आणि त्या पानाचा फोटो मला पाठवतात. व्हिडिओवर आई, डॉक्टर आणि इथून मी असे तिघे असतो. आईला पलीकडचे नीट ऐकू येत नाही, म्हणून आकडे वाचून दाखवण्याचे काम माझे.

त्या शनिवारी सकाळी, आपल्याकडचे दहा म्हणजे तिकडचे साडेबारा, मी डॉक्टरांना सांगितले, "वरचा आकडा आठवडाभर सरासरी एकशे साठ आहे." आवाज थोडा तुटत होता. डॉक्टर म्हणाले, "बरं, मग सकाळची गोळी अर्धी करून पाहू." मला जरा नवल वाटले, पण डॉक्टरांना आपल्यापेक्षा जास्त कळते असे म्हणून मी गप्प बसलो. पंधरा मिनिटांनी प्रिस्क्रिप्शनचा फोटो आला. सौ.ने तो पाहिला आणि विचारले, "अहो, हे एकशे सात कुठून आले?"

डॉक्टरांनी लिहून ठेवले होते: वरचा आकडा १०७. माझा 'साठ' तिकडे पोहोचेपर्यंत 'सात' झाला होता! ताबडतोब फोन लावला, वहीचा फोटो डॉक्टरांना पाठवला. त्यांनी गोळी पूर्ववत ठेवली आणि आईला त्याच आठवड्यात तपासणीला बोलावले. आईच्या डब्यातली गोळी अजून अर्धी झालेली नव्हती. चूक डॉक्टरांची नव्हती, त्यांनी जे ऐकले तेच लिहिले. चूक माझ्या घरात होती, आणि ती शोधायचे शिक्षण मी घेतलेले होते, ही गोष्ट मला जास्त लागली.

भारत सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. दूरवरून औषध लिहून देताना डॉक्टरांनी सहीचे प्रिस्क्रिप्शन किंवा त्याची प्रत रुग्णाला पाठवावी, असे त्यांत आहे. हा कागद मिळवण्याचा आग्रह आपण प्रत्येकाने धरावा. आम्हाला त्या कागदानेच वाचवले.

मोठी योजना घेऊन टाकू?

पहिला विचार कोणाच्याही मनात येईल तोच माझ्याही आला. योजना जुनी झाली, आता मोठी घ्यावी. योगायोगाने त्याच आठवड्यात कंपनीच्या विक्री विभागाचा फोन आला. माझी जुनी योजना ३० मेगाबिटची. तिचे मूळ भाडे २० दिनार. २०१९ च्या जानेवारीत बहरीनमध्ये व्हॅट ५ टक्क्यांनी सुरू झाला तेव्हा बिल २१ झाले, आणि २०२२ च्या जानेवारीत व्हॅट १० टक्के झाला तेव्हा २२ झाले. फोनवरचा तरुण म्हणाला, "सर, ५०० मेगाबिट घ्या, फक्त ३० दिनार." व्हॅट धरून ३३. म्हणजे महिन्याला ११ दिनार जास्त, आणि करार २४ महिन्यांचा. अकरा गुणिले चोवीस, २६४ दिनार. एवढ्यात माझे आजचे पूर्ण वर्षाचे बिल भरून होते!

आईच्या प्रकृतीचा प्रश्न असता तर २६४ दिनारांचे काही वाटले नसते. पण या पैशाने 'साठ' चा 'सात' होणे थांबेल की नाही, हे मला माहीत नव्हते. रोग ओळखल्याशिवाय औषध घेऊ नये, हे याच पानावर अनेकदा छापून आले आहे. म्हणून आधी तपासणी करायचे ठरवले.

दोन दिशांचा रस्ता

इथे थोडे तांत्रिक सांगणे भाग आहे, पण घाबरू नका.

कंपनी जाहिरातीत जो आकडा मोठ्या अक्षरांत लिहिते तो घरात येण्याचा वेग असतो. सिनेमा पाहणे, बातम्या वाचणे, फाइल उतरवून घेणे यासाठी तो लागतो. घरातून बाहेर जाण्याचा वेग निराळा असतो आणि बऱ्याच जुन्या योजनांत तो फारच कमी असतो. माझ्या योजनेत आत येण्याचा वेग ३० मेगाबिट आणि बाहेर जाण्याचा ५. सात वर्षांत हा दुसरा आकडा मी एकदाही पाहिला नव्हता.

आता आमच्या घराची गरज पाहू. नेटफ्लिक्स स्वतः सांगते की पूर्ण एचडी चित्राला ५ मेगाबिट आणि ४-के चित्राला १५ मेगाबिट पुरतात. झूम कंपनी पूर्ण एचडी व्हिडिओ कॉलसाठी आत ३ आणि बाहेर ३.८ मेगाबिट लागतात असे सांगते. आमच्या घरी एका वेळी जास्तीत जास्त काय चालते? टीव्हीवर एक चित्रपट, सौ.चा ऑफिसचा कॉल, आणि माझा आईशी कॉल. आत येणारी बेरीज ५ अधिक ३ अधिक ३, म्हणजे ११. तीस मेगाबिटांत हे आरामात बसते. बाहेर जाणारी बेरीज मात्र ३.८ अधिक ३.८, म्हणजे ७.६. आणि रस्ता आहे ५ चा! कॉलचे सॉफ्टवेअर चित्राचा दर्जा उतरवून वेळ मारून नेते, म्हणून रोज हे जाणवत नाही.

मग त्या शनिवारीच असे काय झाले? आदल्या रात्री आपल्या मंडळाचा गणेशोत्सवाचा कार्यक्रम होता. मुलीच्या नाचाचे, आरतीचे, महाप्रसादाचे फोटो आणि व्हिडिओ आम्हा तिघांच्या फोनवर मिळून सुमारे १० गिगाबाइट जमले होते. सकाळी फोन घरच्या वायफायवर आले आणि तिन्ही फोन तो साठा आपोआप क्लाउडवर चढवू लागले. एक बाइट म्हणजे ८ बिट. त्या हिशेबाने १० गिगाबाइट म्हणजे सुमारे ८०,००० मेगाबिट, आणि ५ मेगाबिटांच्या वाटेने ते जायला १६,००० सेकंद लागतात. जवळजवळ साडेचार तास! माझा कॉल त्या साडेचार तासांच्या बरोबर मध्ये पडला.

गुरुवारी संध्याकाळी सौदीच्या किंग फहद पुलावरची रांग आपण सर्वांनी पाहिली आहे. ट्रक आणि मोटारी एकामागे एक उभ्या, आणि त्यांच्यामध्ये एखादी रुग्णवाहिका अडकली तर तिला वाट नाही. घरच्या राउटरमध्ये तसेच होते. बोलण्याचे साधारण २० मिलिसेकंदांचे छोटे छोटे तुकडे करून ते पाठवले जातात. फोटोंच्या रांगेत ते अडकले की उशिरा पोहोचतात, आणि उशिरा आलेला आवाजाचा तुकडा पलीकडचे सॉफ्टवेअर सरळ टाकून देते. 'साठ' आणि 'सात' यांत फरक असतो तो शेवटच्या एका अक्षराचा. तेवढा तुकडा गळाला की झाले.

आधी मोजा

हे सर्व तर्काने सांगितले. पण तर्क पुरेसा नाही, मोजले पाहिजे. यासाठी इंजिनीयर असण्याची गरज नाही. वेग मोजण्याची मोफत साधने फोनवर आणि संगणकावर मिळतात. मी चार दिवस मोजणी करून वहीत लिहिली, आईच्या रक्तदाबासारखीच.

पहिली मोजणी राउटरला वायर जोडून, बाकी सगळे बंद ठेवून. आत २९, बाहेर ४.८. म्हणजे कंपनी सांगितलेला वेग देत होती, तिच्याकडे तक्रार नेण्यात अर्थ नव्हता.

दुसरी मोजणी झोपण्याच्या खोलीत वायफायवर. आत ११, बाहेर ३. आमचा राउटर हॉलमधल्या टीव्हीच्या कपाटात, दार लावून, पितळी समईच्या मागे ठेवलेला होता. मी आईशी बोलतो झोपण्याच्या खोलीतून, दोन काँक्रीटच्या भिंतींपलीकडे. गुदैबियात आमच्या इमारतीत फोनवर पाहिले तर वीसेक शेजाऱ्यांची वायफाय नावे दिसतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ही सगळी एकमेकांना धक्के देत असतात, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात असतो.

तिसरी मोजणी मुंबईपर्यंत जाऊन परत येण्याच्या वेळेची. रस्ता रिकामा असताना ५० मिलिसेकंदांच्या आसपास, आणि फोटो चढत असताना ८००! बोलणे तुटण्याचे कारण इथे स्पष्ट दिसले.

जाता जाता एक गोष्ट. बहरीन ते मुंबई सरळ अंतर सुमारे २,४०० किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन निदान २४ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात केबल होर्मुझला वळसा घालून समुद्रातून जाते, तेव्हा जास्तच. कितीही महाग योजना घेतली तरी हे अंतर कमी होत नाही. समुद्रातली केबल तुटली तर कोणतीच योजना कामाला येत नाही. २००८ च्या जानेवारीअखेर अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या तेव्हा आखाती देश आणि भारत, दोन्हीकडचे इंटरनेट रखडले होते. जुन्या सभासदांना ते दिवस आठवत असतील.

बिनखर्चाचे उपाय

पैसे खर्च करण्यापूर्वी मी चार गोष्टी केल्या.

राउटर कपाटातून काढून हॉलच्या मध्यावर उंच फळीवर ठेवला. समई देवघरात गेली, ही सौ.ची जुनीच मागणी होती. फोन आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नेले. हा पट्टा भिंतीपलीकडे कमी पोहोचतो, पण त्यात गर्दी कमी असते. ज्या टेबलावरून आईशी बोलतो तिथपर्यंत भिंतीच्या कडेने एक वायर ओढली. आणि तिन्ही फोनची आपोआप फोटो चढवण्याची सोय बंद केली. आता रात्री अकरानंतर सौ. ती हाताने सुरू करते.

पुढच्या शनिवारी आईचा कॉल एकदाही तुटला नाही. एकूण खर्च, वायरीचे अडीच दिनार. ५०० मेगाबिटांची योजना घेतली असती आणि राउटर त्या कपाटातच राहिला असता, तर झोपण्याच्या खोलीतला आवाज फारसा सुधारला नसता.

मग जुनी योजनाच ठेवायची का?

मीही तेच ठरवत होतो. पण हिशेबाला बसलोच आहे तर पूर्ण करावा म्हणून कंपनीला स्वतःहून फोन केला आणि एकच प्रश्न विचारला: नवीन ग्राहकाला आज तुमची सर्वांत स्वस्त योजना कोणती? उत्तर आले, १०० मेगाबिट आत, २० बाहेर, भाडे १६ दिनार, व्हॅट धरून १७ दिनार ६०० फिल्स.

मी पुन्हा विचारले. तेच उत्तर. नवा ग्राहक तिप्पट वेगाला १७.६ देत होता, आणि सात वर्षांचा जुना ग्राहक ३० मेगाबिटांना २२ देत होता. ही योजना केव्हापासून आहे, असे विचारल्यावर कळले की दोन वर्षे झाली. मी जास्त भरलेल्या पैशांचा हिशेब केला नाही, पण सौ.ने लगेच केला. महिन्याला ४.४, चोवीस महिने, १०५ दिनार ६०० फिल्स.

यात कोणी फसवले असे मी म्हणणार नाही. करार मी केला होता आणि त्याची मुदत २०२० मध्येच संपली होती. त्यानंतर चौकशी करणे माझे काम होते. 'जुने ते सोने' ही म्हण दागिन्यांना लागू असेल, महिन्याच्या बिलांना नाही.

हे असे का होते, ते समजण्यासाठी इथला थोडा इतिहास पाहावा. बाटेल्को कंपनी १९८१ मध्ये स्थापन झाली आणि १९९५ मध्ये बहरीनमध्ये इंटरनेट आले. त्या काळी दुसरी कंपनीच नव्हती, तेव्हा तुलना कोणाशी करणार? २००२ मध्ये दूरसंचार कायदा झाला आणि दूरसंचार नियामक प्राधिकरण आले. २००३ च्या अखेरीस दुसरी मोबाइल कंपनी सुरू झाली, तीच आजची झेन. २०१० मध्ये विवा आली, तिचे नाव २०१९ मध्ये एसटीसी झाले. २०१९ मध्येच बाटेल्कोपासून फायबरचे जाळे वेगळे काढून बीनेट ही कंपनी झाली. ती घाऊक व्यवहार करते, आणि तिच्या तंतूवरून किरकोळ कंपन्या आपल्याला इंटरनेट विकतात.

याचा आपल्याला उपयोग असा की फायबरच्या कंपन्यांत बदल केला तरी भिंतीतला तंतू साधारणपणे तोच राहतो. फरक पडतो तो भाड्यात, राउटरमध्ये, ग्राहकसेवेत आणि पुढच्या जोडणीत. त्यामुळे 'ती दुसरी कंपनी कशी असेल कोण जाणे' ही धास्ती फारशी बाळगू नये. स्पर्धेमुळे दर बदलत राहतात, पण जुन्या ग्राहकाचे बिल कोणी आपण होऊन कमी करत नाही.

करार आणि व्हिसा

आता खरा पेच. १७.६ दिनारांचा दर २४ महिन्यांच्या करारावर होता. मध्येच सोडल्यास उरलेल्या महिन्यांचे भाडे भरायचे. माझ्या वर्क परमिटचे १४ महिने उरले आहेत. पुढे तो वाढेल असे मला वाटते, पण आखातात नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी कोणाला याची खात्री देता येईल? १४ महिन्यांनी जावे लागले तर १० महिन्यांचे १७६ दिनार ऐन सामान बांधण्याच्या वेळी भरावे लागतील.

तीच योजना १२ महिन्यांच्या करारावर मूळ भाडे १७, म्हणजे व्हॅट धरून १८.७ ला मिळत होती. महिन्याला १ दिनार १०० फिल्स जास्त, वर्षाचे १३.२ दिनार. सौ. म्हणाली, "स्वस्त ते घ्या ना, आपण कुठे चाललोय?" मी म्हणालो, हा विम्याचा हप्ता समज. १७६ चा धोका टाळायला १३ दिनार. दोन दिवस विचार केल्यावर तिलाही ते पटले. तिच्या ऑफिसातल्या एका कुटुंबाला मागच्या वर्षी महिन्याभरात परतावे लागले होते, ते तिला आठवले.

शेवटी आम्ही १२ महिन्यांचा करार केला. बाहेर जाण्याचा वेग ५ चा २० झाला, बिल २२ चे १८.७ झाले, वर्षाला ३९ दिनार ६०० फिल्स वाचले. म्हणजे योजना वाढवली आणि बिल घटले! ५०० मेगाबिटांची गरज आम्हाला लागली नाही.

कोणी वाढवावी, कोणी वाढवू नये

घरात दोघेच असाल, संध्याकाळी मराठी मालिका आणि नातवंडांशी कॉल एवढाच वापर असेल, तर मोठ्या वेगाच्या मागे लागू नका. आजच्या योजनांतली सर्वांत लहान घ्या, बहुधा ती तुमच्या जुन्यापेक्षा स्वस्त निघेल.

दोघे घरून काम करणारे, एक-दोन मुले ऑनलाइन शिकवणीला, अशी स्थिती असेल तर बाहेर जाण्याचा वेग पाहून योजना वाढवा. चार-पाच मोठी माणसे, प्रत्येक खोलीत ४-के टीव्ही, किंवा व्हिडिओ संकलनासारखे काम असेल, तर मोठी योजना सार्थकी लागेल. मात्र राउटर जुना असेल तर आधी तो तपासा. काही जुन्या राउटरच्या वायरीच्या जोडण्या १०० मेगाबिटांपुढे जातच नाहीत. मग पाचशेचे पैसे भरून शंभरच मिळतील.

वारंवार घर बदलणाऱ्यांसाठी ५-जी राउटरचा पर्याय चांगला आहे. वायर नको, बसवायला माणूस नको. पण त्याचा वेग जागेवर आणि गर्दीच्या वेळेवर अवलंबून असतो. घेण्यापूर्वी त्याच कंपनीचे सिम फोनमध्ये घालून आपल्या खिडकीजवळ रात्री नऊ वाजता मोजून पाहा. आणि अमुक गिगाबाइटनंतर वेग कमी होतो का, हे नक्की विचारा.

चार-पाच तरुण मिळून एका फ्लॅटमध्ये राहतात तिथे जोडणी एकाच्या नावावर असते. तो गाव सोडून गेला की बिलावरून भांडणे होतात. जबाबदारी कागदावर ज्याचे नाव त्याचीच असते, हे आधी समजून घ्यावे. देश सोडताना जोडणी रीतसर बंद करून थकबाकी नसल्याचा कागद घ्या. थकलेल्या देण्याचे प्रकरण न्यायालयात गेले तर मनस्ताप फार होतो.

विचारायचे सात प्रश्न

फोन करताना हे कापून जवळ ठेवा.

१. आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा वेग किती? दोन्ही आकडे लेखी द्या.
२. सांगितलेल्या भाड्यात १० टक्के व्हॅट धरला आहे का?
३. करार किती महिन्यांचा, आणि मध्येच सोडल्यास किती भरावे लागेल?
४. घर बदलले तर जोडणी नेता येते का, खर्च किती?
५. वापराची मर्यादा आहे का? ती संपल्यावर वेग किती राहतो?
६. राउटर आपल्या मालकीचा की भाड्याचा?
७. नवीन ग्राहकाला आज हीच योजना कोणत्या दराने मिळते?

सातवा प्रश्न विसरू नका. माझे पैसे त्यानेच वाचवले. आणि कोणी स्वतःहून फोन करून 'योजना वाढवतो, सीपीआर नंबर आणि आलेला ओटीपी सांगा' असे म्हणाला, तर फोन ठेवा आणि कंपनीच्या अधिकृत क्रमांकावर आपण फोन करा.

शेवटी आईचे

आईच्या कॉलसाठी आम्ही आता एक नियम केला आहे. आकडे आधी लिहून पाठवायचे, मग सुटे सुटे वाचायचे: एक, सहा, शून्य. डॉक्टरांनी ते परत म्हणून दाखवायचे. डॉक्टरांनाही ही पद्धत आवडली. कॉलला बसण्यापूर्वी मुलगी घरभर ओरडते, "आजीचा फोन आहे, फोटो बंद!" नवीन योजनेत आता त्याची तितकी गरज उरलेली नाही, पण सवय चांगली आहे, म्हणून मी तिला थांबवत नाही. मागच्या तपासणीत वरचा आकडा एकशे चाळीसच्या आत आला होता. या खेपेला तो सर्वांना नीट ऐकू आला.

दर वर्षी गाडीची नोंदणी नूतन करताना आपण विम्याचे दर विचारतो. त्याच दिवशी इंटरनेटच्या बिलाचाही दर विचारण्याची सवय लावावी, एवढीच विनंती. अर्ध्या तासाचे काम आहे. कोणाला मोजणी जमत नसेल तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला येताना आपले बिल घेऊन या. चहाच्या वेळात दोघे मिळून पाहू.